पदराची गाठ

निरोप आला तेव्हा मी शाळेच्या पटांगणात मुलांच्या रांगा लावत होते. पुतण्याचा फोन होता. "काकी, आई गेली," एवढंच म्हणाला. शालनअक्का, माझ्या थोरल्या जाऊबाई, सांगलीच्या दवाखान्यात संपल्या होत्या… या गोष्टीला आता महिना उलटून गेला. भेटायला येणारे म्हणतात, सुटल्या बिचाऱ्या. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सुटल्या कसल्या? त्यांना जगायचं होतं. परसातल्या आंब्याला यंदा पहिल्यांदा मोहोर आलाय, त्याचं लोणचं घालायचं होतं त्यांना.

आमचं गाव इस्लामपूरजवळ, चारी अंगाला ऊस. अक्कांचं माहेर मात्र म्हसवडकडचं, पाण्यावाचून करपलेलं. त्यांचे वडील मेंढरांमागं मुलुख तुडवायचे. त्यामुळं एका डॉक्टरबाईंनी स्तनांच्या कॅन्सरसाठी म्हसवड ते सांगली अशी पायी फेरी काढायची ठरवली, तेव्हा अक्कांनी सगळ्यांच्या आधी नाव दिलं. मला न विचारता माझंही दिलं. वाटेत मुक्काम करत जायचं, गावोगाव बायकांना समजावायचं आणि तपासणीच्या गाडीसाठी मदत गोळा करायची, असा बेत होता. मी कुरकुरले, तर म्हणाल्या, "मास्तरीण हायस तू, खुर्चीत बसून पाय आकडल्यात तुजं. चल गुमान!" अक्कांची धाकटी बहीण कमल याच दुखण्यानं गेली होती. तिच्यासाठी त्या चालणार होत्या.

पहिल्याच गावात आमची फजिती झाली. देवळासमोर सभा भरली, डॉक्टरबाईंनी माईकवर 'स्तन' म्हटलं आणि बायकांनी माना खाली घातल्या त्या घातल्याच. पुढं कट्ट्यावर गावातले बाप्ये मांडी ठोकून बसलेले. डॉक्टरबाई बिचाऱ्या तळमळीनं सांगत होत्या, पण ऐकतंय कोण? शेवटी अक्का उठल्या. "आवं पावनं, उठा की! च्या पिऊन या जावा तिकडं. हितं बायकांचं काम हाय." बाप्ये हसत हसत पांगले. मग अक्का बायकांकडं वळल्या. "आता पदराचं टोक घ्या हातात. मारा गाठ. मारली? आता ही गाठ घिऊन घरी जायाचं. उद्या न्हाणीत गेलं की आदी सोताकडं बघायचं, हातानं चाचपायचं. बघितल्याबिगर पदराची गाठ सोडायची न्हाई. आन् आत दुसरी गाठ लागली, तर नवऱ्याला न इचारता ह्या बाईंकडं यायाचं." बायका फिसकन हसल्या, पण गाठी मारल्या. काही लक्षात ठेवायचं असलं की आमच्याकडच्या बायका अजून पदराला गाठ मारतात. पुढच्या प्रत्येक गावात मग हेच झालं. अक्का दिसल्या की पोरीबाळी ओरडायच्या, "गाठवाल्या काकू आल्या!"

मायणी सोडून विट्याच्या वाटेला लागलो तेव्हा माझ्या पायांना फोड आले होते आणि अक्का पुढं झपाझप चालत होत्या. एका वडाखाली टेकलो. त्या आपण होऊन कमलचं बोलायला लागल्या. "कमळीनं समदं केलं गं. येळंत दाखवलं, कापलं, सुया घेतल्या, केस गेलं. आन् शेवटाला घरी काय आणलं? चार हाडं." मी म्हटलं, "अक्का, मग आपण बायकांना सांगतोय ते काय?" त्या उठून पदर खोचताना म्हणाल्या, "त्यास्नी तरी खरं ठरंल." त्यांच्या स्वतःच्या पदरालाही गाठ होती. मी बोट दाखवलं, तर म्हणाल्या, "दुसऱ्यास्नी सांगायचं आन् आपला पदर मोकळा, बरं दिसंल का ते?"

सांगलीत हार झाले, फोटो झाले. घरी आलो आणि उसाला तोड आली, मग लेकीचं बाळंतपण, मग घराचा गिलावा. वर्ष कधी सरलं कळलं नाही. एके दिवशी भाकरी थापता थापता अक्का पाठ धरून खालीच बसल्या. दवाखान्यात नेलं तर कमलचंच दुखणं, हाडांपर्यंत पोचलेलं. मी त्यांच्या खाटेशी उभी राहून भांडले. होय, भांडलेच! "अक्का, गावोगाव बोंबलत फिरलासा, आन् सोताचं आंगावर काढलंसा?" त्यांनी माझा हात धरला. "कामाच्या रगाड्यात इसरले गं… बघायचंच ऱ्हाऊन गेलं." मी तेच धरून बसले. विसरल्या. माणूस विसरतंच की. त्या गेल्या तेव्हाही मला तेवढाच एक आधार होता.

तेराव्याला मायणीकडची एक बाई आली, पंचेचाळिशीची असेल. फेरीत मारलेली पदराची गाठ सोडण्याआधी चाचपताना तिच्या हाताला आतली गाठ लागली होती. वेळेत इलाज झाला, आता बरी आहे. अक्कांच्या फोटोपुढं डोकं टेकून ती हमसून हमसून रडली. मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू? ही जगली, आणि आमचं माणूस…

परवा अक्कांच्या साड्या वाटायला काढल्या. पहिली साडी उलगडली, तर पदराचं टोक चुरगळलेलं. दुसरीचंही तसंच. रोजच्या नेसायच्या साऱ्या साड्या मी जमिनीवर पसरल्या. एकेका पदराचं टोक पीळ पडून बारीक झालेलं, इस्त्रीनंही न मोडणारं. ही बाई फेरीनंतरही रोज सकाळी गाठ मारत होती आणि रोज न बघता तशीच सोडत होती. म्हणजे त्या एक दिवसही विसरल्या नव्हत्या. माझ्याशी खोटं बोलल्या अक्का.

दवाखान्यातून परत आलेल्या साडीची गाठ मात्र मारलेलीच होती. ती साडी मी कुणाला दिली नाही, माझ्या कपाटात ठेवलीय. रोज आंघोळीला जाताना ती गाठ बोटांनी चाचपते. सोडावी म्हणते, पण सोडत नाही. आधी स्वतःकडं बघायचं, ही अट त्यांचीच… आणि मी अजून बघितलेलं नाही.