दोन्ही हात

रामनगरच्या बँकेत होतो तेव्हाची गोष्ट. पावसाळ्यात पिपांवरचा तरंगता पूल काढून ठेवत, म्हणून मी रोज नावेने गंगा ओलांडायचो. पूर ओसरला की पायऱ्यांवर नुसता गाळ उरायचा आणि नावेत चढणं म्हणजे कसरत होती.

त्याच नावेत एक म्हातारी नन असायची. पलीकडच्या दवाखान्यात जायची. काठाशी आली की दोन्ही हात सरळ वर करायची, 'मला घे' म्हणणाऱ्या पोरीसारखी. नावाडी "आवा माई" म्हणत तिला उचलून आत ठेवायचा आणि ती खुदकन हसायची.

मी कुणाचा हात घेत नसे. एकदा इस्त्रीच्या पँटसकट गाळात बसलो. सगळी नाव हसली, तीही हसली.

मी चिडून विचारलं, "माताजी, तुम्हाला लाज नाही वाटत, असं दुसऱ्याकडून उचलून घ्यायला?"

"प्रार्थनेत तरी दुसरं काय करते, बाबूजी? येशूपुढे असेच हात वर करते. चढता येत नाही, हे त्याला ठाऊकच आहे."

दुसऱ्या दिवशी मी इकडेतिकडे बघत, जरा ऐटीतच, नावाड्यापुढे एक हात केला.

नावेतून ती टाळ्या पिटत ओरडली, "दोनों, बाबूजी, दोनों!"