डाळिंबाभोवतीच्या काट्या

माह्या गळ्यात गाणं नाही, पण दुसऱ्यायचे आवाज मात्र सारे आहेत. शेजारच्या वकिलाचा खोकला, हेडमास्तरांचं नाक शिंकरणं, आमच्या बाबांचं मंत्र म्हणता म्हणता जांभई गिळणं. अमरावतीच्या आमच्या घरात यावर हसणारं एकच माणूस होतं, आत्या.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी नवरा गेला, अन् तवापासून ती आमच्याकडंच. बाबा भिक्षुक. घरात सवाष्णी जेवायच्या असल्या की आत्या मागच्या अंगणात. तिथं एक डाळिंब होतं, त्यावर दर उन्हाळ्यात बुलबुल घरटं करे. दोन उन्हाळे लागोपाठ वकिलाच्या बोक्यानं पिल्लं खाल्ली. माही मॅट्रिकची परीक्षा झाली तो तिसरा.

"यंदा उडालीच पाहिजेत," आत्या म्हणाली. "एकदा पाहू दे मले उडताना. बाकी काही नाही मागत मी."

बोक्याले हाणायची सोय नव्हती. एकदा तिनं लाकूड उचललं, तर बाबा दारातूनच बोलले, "मेला तर सोन्याचं मांजर करून काशीले दान द्यावं लागते. तुह्या अंगावर गुंजभर तरी आहे का?"

आत्यानं लाकूड खाली ठेवलं. संध्याकाळी मी तिले बाबांच्याच आवाजात तेच म्हणून दाखवलं. ती पदर तोंडात धरून हसली. पण लाकूड काही पुन्हा उचललं नाही.

मंग भातकुलीकडून सरपण आणणाऱ्या गाडीवाल्याले सांगून मी बाभळीच्या काट्या आणवल्या. शेताले कुंपण घालतात तसं झाडाभोवती गच्च कडं बांधलं. बोका आला, पाय टोचून घेतला अन् भिंतीवर जाऊन बसला. तिथून हलेना. आत्याही हलेना. डोक्यावर ओलं फडकं घेऊन दिवसभर त्या उन्हात बसायची.

दोन पिल्लं निघाली. तिच्यासंगं बसून बसून मी मादीचा एक आवाज उचलला. रोजचा नाही, अळी घेऊन आल्यावर काढते तो बारीक, तुटका. मी काढला की घरट्यातून दोन चोची उघड्या वर.

"नको करू रे," आत्या म्हणाली. "खोटी भूक लावून राहिला त्यायले."

पिल्लायले पिसं फुटली. आज-उद्या उडतील असं झालं. त्या सकाळी आत्या म्हणाली, "मी आंघोळ करून येते. डोळा हलवू नको."

तेवढ्यात माहे दोन दोस्त आले. त्यायले वकिलाचा खोकला करून दाखवला, हेडमास्तरांचं नाक शिंकरणं झालं.

"अबे, पाखराचा काढ ना."

काढला. चोची उघडल्या, दोस्त हसले. मंग मी चार पावलं मागं सरकून काढला. म्हटलं पाहावं, किती दुरून ऐकू जाते.

मोठं पिल्लू घरट्याच्या काठावर आलं. माह्याकडं पाह्यलं अन् उडी मारली. पंख पुरले नाहीत. काट्यायच्या बाहेर फरशीवर पडलं. बोका भिंतीवरून कवा उतरला ते दिसलंही नाही. दुसऱ्या पिल्लानं पहिल्यामागं उडी घेतली, ते काट्यात. मी हात घातला. इतकं गच्च बांधलं होतं मीच, की कोपरापर्यंत रक्त निघालं. पिल्लू हाती आलं तवा काटा त्याच्या छातीत होता.

आत्या ओल्या लुगड्यानंच धावत आली. "काय झालं?"

"यानं आवाज काढला," एक दोस्त म्हणाला, "अन् त्यायनं उडी मारली."

मंग दोघंही चपला घालून निघून गेले. आत्यानं माह्या हातातून पिल्लू घेतलं. काटा काढला. झाडाच्या बुडाशी बोटांनी माती उकरून त्याले पुरलं.

"हाताले हळद लाव," एवढं बोलून ती घरात गेली.

मी पायरीवर बसून राह्यलो. ऊन चढलं. बुलबुल चोचीत अळी घेऊन आली, रिकाम्या घरट्याशी बसली अन् तोच बारीक आवाज काढला. थांबली. पुन्हा काढला.

आतून आत्या म्हणाली, "आता तरी पुरे कर रे बाप्पा. कोणाले बोलावून राहिला?"

मी तोंड उघडलंच नव्हतं. ते सांगायले आत गेलो. ती भिंतीकडं तोंड करून निजली होती. तेवढ्यात बाहेर पुन्हा आवाज झाला, अन् तिनं वळून माह्या बंद तोंडाकडं पाह्यलं.