आत्यानं अडवलेली खीर

चाकणहून आलेल्या एसटीतून गावचा गडी उतरला आणि चिंचवडच्या आमच्या खोलीच्या दारातूनच म्हणाला, "ताई, सोनाआत्या गेली..." त्याला आता सव्वा महिना झाला. ही माझ्या वडिलांची, म्हणजे दादांची, थोरली बहीण. गावात लग्न निघालं की खिरीचा खपली गहू सडायला तिलाच बोलावणं यायचं. गहू ओलवायचा, उखळात मुसळानं कांडायचा, पाखडायचा... आणि कोंडा पुरता सुटला की नाही, हे ती दाणा दाताखाली धरून सांगायची.

पिंपरीला पहिले कारखाने उभे राहत होते, तेव्हा माझं लग्न ठरलं. नेमकी आत्या तापानं पडलेली, म्हणून गहू शेजारणींनी सडला. लग्नाच्या सकाळी ती कशीबशी उठून आली, चार दाणे चावले आणि थुंकली.

"शंकर, ही खीर शिजवायची न्हाई. गव्हाला औषध लागलंय."

दादा चिडले. "वऱ्हाड वेशीत आलंय आन् आता सांगतीस व्हय? तापानं तोंड कडू पडलंय तुजं!"

बायकांनी गव्हाचा वास घेतला. कुणालाच काही कळेना. सगळ्या हळदीच्या अंगानं बसलेल्या माझ्याकडे बघू लागल्या... "मीच खाऊन दावतो," म्हणत दादांनी मूठ भरली, तोच आत्यानं त्यांच्या हातावर असा फटका मारला, की दाणे अंगणभर उडाले. धाकट्या भावावर तिनं कधी हात उगारला नव्हता.

आई माळ्यावर चढली. खायच्या गव्हाचं पोतं जागेवरच होतं. नव्हतं ते पेरणीसाठी औषध चोळून ठेवलेलं. गडबडीत दादांनीच ते खाली काढून दिलं होतं. आईनं वरून तसं सांगितलं. तेवढ्यात आत्याला उलट्या सुरू झाल्या.

गहू खड्ड्यात पुरला. घराघरांतून हातसडीचे तांदूळ आले, त्यांचा गूळभात शिजला. अक्षता पडताना माझं लक्ष पडवीत निजवलेल्या आत्याकडेच होतं. पंगतीत सासूबाईंनी विचारलं, "खीर नाही केलीत?" दादा हात जोडून म्हणाले, "चूक माजी झाली. बहिणीनं समद्यांना वाचवलं." आत्या तिसऱ्या दिवशी पेज प्यायली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

तिचे दिवस झाल्यावर मी गावच्या घरी तिची खोली आवरत होते. खुंटीवरचं सूप काढलं, तर विणीत कोंडा अडकलेला. झटकायला उंबऱ्यापर्यंत गेले...

"ऱ्हाऊ दे, पोरी," मागून दादा म्हणाले.

सूप मी तसंच खुंटीला लावलं.