तोंडात खिळे धरणारा

माझा धाकटा भाऊ सोफे आणि खुर्च्या मढवतो. काम करताना तो मूठभर बारीक खिळे तोंडात टाकतो, जिभेनं एकेक पुढं सारतो, हातोडीच्या चुंबकाच्या टोकानं ओठांवरून उचलतो आणि ठोकतो. त्याच तोंडानं गिऱ्हाइकाशी गप्पाही मारतो. खिळे गालात आहेत की जिभेखाली, समोरच्याला पत्ता लागत नाही. सगळे त्याला खिळेदादा म्हणतात. मी कापड बेतते, शिवते आणि सगळ्यांवर संशय घेते. घरात कोणीतरी घ्यायला हवा.

काही वर्षांपूर्वी त्याला सोफ्यांच्या आतून बोलणं ऐकू यायला लागलं. आधी नुसता कान लावायचा. मग एका दुपारी त्यानं दुकानातल्या सगळ्या बैठका सुरीनं फाडल्या. मी आले तेव्हा स्पंजच्या ढिगात बसून रडत होता, कारण आत कोणीच सापडलं नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. अंग सुटलं, हात जरा थरथरायला लागला, पण भाऊ मला परत मिळाला. तेव्हापासून रोज सकाळी मी समोर उभी राहून गोळी देते, वर पाणी देते, आणि घोट उतरलेला पाहूनच दुकान उघडते.

मग आमच्या चर्चमध्ये हळूबाई आल्या. मागच्या खोलीत त्या मनानं खचलेल्यांचं समुपदेशन करायच्या, त्यांच्यासाठी प्रार्थना करायच्या. नाव मीच ठेवलेलं. इतकं हळू बोलायच्या की ऐकायला पुढं वाकावं लागे, आणि माणूस एकदा पुढं वाकला की निम्मा त्यांचाच झाला, असं माझं मत. भाऊ दर आठवड्याला जायला लागला. परत आला की शांत असायचा. त्या शांतपणाचाही मला संशय यायचा.

"काय बोलता रे तुम्ही एवढं?"

"काही नाही, ताई. त्या ऐकतात. मग प्रार्थना करतो."

त्यांच्या खोलीतली जुनी खुर्ची त्यानं हौसेनं नव्यानं मढवून दिली. आमच्या चर्चमध्ये बरं झालेला माणूस रविवारी पुढं उभा राहून साक्ष देतो, देवानं मला बरं केलं म्हणतो, आणि सगळे आमेन म्हणतात. एका मावशींनी तर डोळे सुधारले म्हणून चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. पुढच्या रविवारी नवा चष्मा लावून आल्या. मी हसले, तर त्याच चष्म्यातून माझ्याकडे डोळे वटारून पाहत होत्या. चष्म्याचं ठीक आहे. गोळ्यांचं तसं नसतं.

एक दिवस मी कापड कापत होते आणि भाऊ सोफ्याच्या पाठीला कान लावून उभा होता.

"काय करतोस?"

"स्प्रिंग कुरकुरतेय का बघतोय."

त्या सोफ्याला स्प्रिंग नव्हती. गोळी तर रोज माझ्या डोळ्यांदेखत पोटात जात होती. म्हणजे पाणी दुसरीकडेच मुरत होतं, आणि कुठं ते सांगायला मला ज्योतिषी नको होता. पुढच्या वेळी मी त्याच्याबरोबर गेले आणि न विचारता त्याच्या नेहमीच्या, त्यानंच मढवलेल्या खुर्चीत बसले.

हळूबाईंनी आधी त्याला झोप लागते का विचारलं, मग गोळ्या नीट चालू आहेत ना विचारलं. माझ्यासमोर विचारणारच, मी मनात म्हटलं. बोलता बोलता माझा हात सवयीनं खुर्चीच्या तळाकडे गेला. आमच्या धंद्यात बसल्या बसल्या बोटं खालची शिवण तपासतातच. तळाचं अस्तर एका कोपऱ्यात सैल होतं, खिळे अर्धवट ठोकलेले. माझा भाऊ असं काम करत नाही. मी अस्तर ओढलं. चिंधीची एक पुरचुंडी मांडीवर पडली, आणि तिच्यात गोळ्या होत्या, थुंकीनं रंग गेलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या.

मी उभी राहिले. "हीच का तुमची प्रार्थना? माझ्या भावाला गोळ्या सोडायला लावता आणि वर झोपेच्या चौकशा करता? उद्या त्यानं सुरी उचलली तर याल का सांभाळायला?"

हळूबाई पुढं वाकून पुरचुंडीकडे बघायला लागल्या. बोलला तो भाऊ.

"त्यांना माहीत नाही, ताई. मी गालात धरायचो. तू गेलीस की काढायचो."

मूठभर खिळे गालात ठेवून गप्पा मारणारा माणूस, आणि मी रोज पाण्याचा घोट उतरलेला पाहून समाधानानं कुलूप काढत होते.

"पण का?"

"मला साक्ष द्यायचीय. गोळ्या चालू असताना बरा झालो कसं म्हणू? देवासमोर खोटं होईल ना ते. आणि औषध फेकायला जीव होईना, म्हणून जिथं प्रार्थना करतो तिथं ठेवलं."

हळूबाई पहिल्यांदाच मला ऐकू जाईल असं बोलल्या. "साक्ष दे, असं मीच म्हणाले होते. देवानं तुला कसं बरं केलं ते सांग, म्हणाले. चूक माझी आहे." चूक कबूल करायचीही एक तऱ्हा असते, हे मला ठाऊक होतं. त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि आमच्याबरोबर आल्या. डॉक्टर रागावले तेव्हा मान खाली घालून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

पुढचे आठवडे वाईट गेले. मी दुकानातल्या सुऱ्या, कात्र्या घरी नेऊन ठेवल्या. रोज गोळीनंतर मी त्याला तोंड उघडायला लावायचे, जीभ वर करायला लावायचे, गालात बोट घालून बघायचे. दाढीमिशा आलेला माणूस गुमान तोंड उघडायचा. दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. हळूहळू सोफे गप्प झाले.

मग एका रविवारी पाळकांनी साक्षीसाठी कोण आहे विचारलं, आणि माझा भाऊ उठला. मी मागच्या रांगेत होते. हळूबाईंकडे पाहिलं, तर त्यांनाही काही माहीत नसावं, ओढणीचं टोक मुठीत आवळून बसल्या होत्या.

तो पुढं गेला. "मी बरा झालेलो नाही," म्हणाला. "देव माझ्याबरोबर आहे. हीपण आहे." त्यानं खिशातून गोळी काढली, सगळ्यांना दाखवली, तोंडात टाकली आणि टेबलावरचं पाणी प्यायला. आमेन म्हणावं की नाही, कोणालाच कळेना. चष्मेवाल्या मावशी पाळकांकडे बघायला लागल्या.

तो मात्र तिथंच उभा होता. त्यानं सगळ्या चर्चसमोर तोंड मोठ्ठं उघडलं आणि जीभ वर केली. लोकांना वाटलं, बिचाऱ्याला शब्द सुचत नाहीत. तो माझ्याकडे बघत होता.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुढून हळूबाईंचं आमेन आलं, चांगलं खणखणीत. एवढ्या लांबून मला काही दिसणं शक्य नव्हतं. तरी मी टाचा उंचावल्या, मान लांब केली आणि त्याच्या जिभेखाली पाहायचा प्रयत्न केला.