कुत्र्याच्या वाट्याला आलेले धपाटे

नंदा साळवेला कुत्र्यांची भारी किळस. परभणी सोडून म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमला आली, सॉफ्टवेअर तपासायच्या नोकरीत मुरली, जर्मनही फाडफाड बोलायला लागली; पण हॉटेलात टेबलाखाली कुत्रं पसरलेलं दिसलं की ती उठून दुसरं टेबल शोधायचीच. "माणसं जेवतायत आणि हे खाली लाळ गाळतंय, शी!" असं ती म्हणायची आणि तिची मैत्रीण सुरेखा हसून हसून बेजार व्हायची.

सुरेखा म्हणजे नंदाचं या परमुलखातलं माहेर. दोघी समोरासमोरच्या बिल्डिंगमध्ये राहायच्या. सुरेखाचं बाळंतपण नंदानं केलं. डिंकाचे लाडू वळले, अळिवासाठी सगळं म्युनिक पालथं घातलं, बाळाला न्हाऊमाखू घातलं. "नंदा, तू नसतीस तर माझं काही खरं नव्हतं," असं सुरेखा चारचौघांत सांगायची.

आता सुरेखाच्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, म्हणून रविवारी सगळे डोंगरातल्या जंगलात फिरायला निघाले. नंदाचा नवरा यशपाल कामासाठी हॅनोव्हरला गेलेला, तेव्हा ती आणि तिची सात वर्षांची क्रांती अशा दोघीच आल्या. नंदाच्या मनात धाकधूक होती. सासूबाई आज आडनावाचं विचारणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या काय म्हणतील याची तिला फिकीर नव्हती. त्या वेळी सुरेखा कुणाच्या बाजूनं उभी राहते, एवढंच तिला बघायचं होतं.

वाट सोपी होती. पायाखाली पाइनच्या सुयांचा मऊ थर, खाली कुठंतरी ओढा, लांबवर गाईंच्या घंटा. सुरेखाचा नवरा प्रताप पोराला पाठीवर बांधून पुढं गेला. सासूबाईंना, म्हणजे नंदाच्या काकूंना, दम लागला, तेव्हा त्यांनी नंदाचा हात धरला आणि विचारलंच.

"साळवे म्हणजे कुठले गं?"

"परभणीचे."

"तसं नव्हे. म्हणजे... आपल्यातलेच ना?"

"बौद्ध आहोत, काकू."

"हो का! अगं, आम्ही नाही हो मानत तसलं काही," काकू म्हणाल्या आणि रुमाल काढायच्या निमित्तानं हात सोडवून घेतला. तो पुन्हा काही धरला नाही. सुरेखा दोनच पावलं मागं होती. तिनं सगळं ऐकलं आणि झाडांच्या शेंड्यांकडे बघत म्हणाली, "किती छान हवा आहे ना!" नंदाचं तोंड कडू झालं.

वर गास्टहोफ, म्हणजे इथली खाणावळ होती. बाव्हेरियाची एक रीत मात्र बरी. बाहेरच्या साध्या बाकांवर आपला डबा उघडला तरी कुणी हटकत नाही, प्यायला तेवढं त्यांच्याकडून घ्यायचं. प्रतापनं सफरचंदाचं सरबत आणि चीजमधल्या श्पेट्झले नूडल्सची मोठी थाळी आणली. नंदानं ज्वारीचे धपाटे आणि लसणाची चटणी काढली. तेवढ्यात गास्टहोफचं जाडजूड तपकिरी कुत्रं येऊन टेबलाखाली बसलं.

"अगंबाई, जेवायच्या जागी कुत्रं!" काकूंनी ओढणी आवरून घेतली.

"शी!" नंदा म्हणाली. तेवढ्यापुरतं दोघींचं एकमत झालं.

प्रतापनं धपाट्यांवर ताव मारला. काकूंनीही दोन घेतले. "छान खुसखुशीत झालेत हो," असं म्हणाल्यासुद्धा. नंदाला वाटलं, आपणच उगाच मनात आणलं. तिला जरा ओशाळल्यासारखं झालं.

क्रांतीला मराठी सगळं कळतं, पण बोलेल तर शपथ! टेबलाखाली डोकं घातलेली ती पोर आनंदानं जर्मनमध्ये ओरडली, "आई, बघ ना! आजी आपले धपाटे कुत्र्याला देतेय! त्याला किती आवडतायत!"

प्रतापचा घास हातातच राहिला. काकूंना जर्मनचा गंध नव्हता. "काय म्हणतेय गं पोर?" त्यांनी हसत विचारलं.

सुरेखानं नंदाकडे बघितलं. मग सासूकडे बघितलं.

"धपाटे फार आवडले म्हणतेय, आई."

नंदाला अशी शिसारी आली की सांगता सोय नाही. कुत्र्याची कसली, ते बापडं मिटक्या मारत खात होतं. मघाशी ज्याला बघून बाईनं ओढणी आवरली, त्याच्या लाळेत बोटं घालायला तिला चालत होतं. नंदाच्या हातचा घास तेवढा घशाखाली उतरत नव्हता. आणि जिचं बाळंतपण केलं ती बया समोर बसून त्यावर पांघरूण घालत होती! थू असल्या मैत्रीवर!

"काकू," नंदा म्हणाली, "माझी मुलगी म्हणतेय, तुम्ही माझे धपाटे कुत्र्याला घातलेत."

काकूंची मान खाली गेली. प्रताप "आईला तिखट सोसत नाही" असं काहीबाही पुटपुटला. नंदानं डबा बंद केला, क्रांतीला उठवलं आणि उताराला लागली.

वळणावर सुरेखानं धावत येऊन तिला गाठलं. "नंदा, थांब ना गं. म्हातारं माणूस ते. आता काय बदलणार? पुढच्या महिन्यात जातीलच परत. मग आपण दोघी आहोतच की!"

"त्या जातील गं," नंदा म्हणाली. "खोटं बोललीस तू. आणि तू तर माझ्या समोरच राहतेस."