वरच्या खोलीतला कूलर

माझ्या लेकीची, अवनीची कंपनी आमच्या घराच्या वरच्या खोलीत आहे, अमरावतीत. राउटरसारख्या यंत्रांमधली सर्किटं फार वेगाने कंप पावणाऱ्या लहरींवर चालतात. ती कशी आखायची हे सांगणारं सॉफ्टवेअर तिथे बनतं. हे मी पाठच केलं आहे, कारण विचारणारे फार. माझे दीर शेषराव मोर्शीहून आले की हमखास विचारतात.

"पोरगी वर काय करून राहिली, वहिनी?"

"अँटेनाचं सॉफ्टवेअर."

"आता अँटेना कोण लावते? आमचा गच्चीवरचा माकडांनी मोडला, त्याले दहा वर्षं झाली."

अवनी हसते. मला हसू येत नाही.

पुण्याची नोकरी सोडून ती २०१९ साली परत आली. तिथे ती परदेशी सॉफ्टवेअर वापरायची. लहान कारखान्यांना ते परवडत नाही, हे तिच्या डोक्यात बसलं. कॉलेजातला मित्र अंकुर सोबतीला आला, तो अकोल्याचा. दोन वर्षं नुसती गणितं चालली. तिसऱ्या वर्षी पहिलं गिऱ्हाईक मिळालं, बंगळुरूचं. गेल्या दिवाळीपर्यंत अकरा झाली. कोणी विचारलं नाही तरी हा हिशेब माझ्या मनात सुरू असतो.

सॉफ्टवेअरच्या पोटात एक तक्ता असतो. सर्किट ज्या हिरव्या पाटीवर छापतात, तिचे गुण त्यात आकड्यांनी लिहिलेले असतात. तो चुकला की सगळं चुकलं. म्हणून दोघांनी गेल्या वर्षी मे महिन्यात पाट्या स्वतः मोजल्या. पारा पंचेचाळीसवर होता, वरची खोली तव्यासारखी तापलेली. मला बघवेना. बैठकीतला कूलर मी वर चढवायला लावला आणि तिच्या टेबलासमोरच बसवला.

यंदा एप्रिलमध्ये बंगळुरूच्या साहेबांचा मेल आला. सॉफ्टवेअरने दिलेल्या मापाचे पाच अँटेना केले, पाचही ठरल्यापेक्षा वरच्या लहरीवर लागतात, रेडिओचं स्टेशन सरकावं तसे. पंधरा दिवसांत कारण सांगा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच. ते गेलं असतं तर वरच्या खोलीला कुलूप लागलं असतं.

अवनीने पाट्या पुन्हा मोजल्या. आकडा तोच आला. चूक तुमच्या कारखान्यात असेल, असं तिने कळवून टाकलं. त्याच आठवड्यात अंकुर त्या पाट्या आणि मोजायचं यंत्र घेऊन अकोल्याला गेला, तिथल्या एका कॉलेजात दाखवायला. सात दिवसांनी त्याचा फोन आला. मी चहा घेऊन वर आले होते, फोन स्पीकरवर होता.

"अवनी, इथं आकडा अलगच येऊन राहिला."

"केबल बदलून पाह्य."

"तीन बदलल्या. आता काय माणूस बदलू?"

मला एकदम पापड आठवले. गेल्या मेमध्ये उडदाचे पापड गच्चीवर वाळवून मी त्याच खोलीत पसरून ठेवले होते. दोन दिवसांत सगळे सादळले. पाट्याही तिथेच, टेबलावर उघड्या. यंदाही गुढीपाडव्यापासून कूलर सुरू. अकोल्यात मात्र पाट्या आठवडाभर कोरड्या हवेत असणार. मी रसायनशास्त्राची पदवीधर. ओलावा कुठे शिरतो हे मला कळायला हवं होतं.

दोन दिवस मी बोलले नाही. जिना चढायचे, अर्ध्यात थांबायचे, उतरायचे. गॅस बंद केला का, तीनदा पाहायचे. सांगितलं तर कंपनी माझ्या हातून बुडाली असं होणार, आणि न सांगता दिवस संपत चाललेले. तिसऱ्या दिवशी अवनी चौथी केबल मागवत होती. मी म्हटलं, "आपले पापड सादळले होते, आठवतं?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग कूलरकडे. उठून तो बंद केला.

"आई, तू दोन दिवसांपासून याच्यासाठी गप्प होतीस?"

"तू रागावशील म्हणून."

"रागावलेच आहे," ती म्हणाली आणि अंकुरला फोन लावला.

अंकुर परतल्यावर पाट्या सुकवून दोघांनी नवा तक्ता केला. मग तिने अकराही गिऱ्हाइकांना पत्र लिहिलं: आम्ही कूलरसमोर मोजमाप केलं, म्हणून आकडे चुकले.

"कूलरचं कशाला लिहितेस? हसतील," मी म्हटलं.

"हसू दे. का चुकलं ते त्यांना कळायला नको?"

दोन गिऱ्हाइकांनी सॉफ्टवेअर सोडलं. चौघांचं अजून उत्तर नाही. बंगळुरूच्या साहेबांनी नव्या तक्त्यावरून एक अँटेना केला, तो जागेवर लागला. पण पुढे त्यांनी लिहिलं की आमची यंत्रं मासेमारीच्या बोटींवर बसणार आहेत, ओल्या हवेतले आकडेही जूनअखेर मोजून द्या. जमलं तर पुढच्या वर्षीही तुमच्याकडेच राहू.

आता सकाळी कोरडं मोजमाप, दुपारी ओलं. सकाळभर कूलर बंद. गळ्याभोवती घ्यायला ओला पंचा दिला, तर तोही अवनीने दाराबाहेर ठेवायला लावला. तिच्या कानामागून घामाची धार उतरते. जूनअखेरीला एकोणीस दिवस आहेत. मी दारात उभी असते, हात बटणाजवळ.

"लावू का?"

"थांब, आई. अजून चार पाट्या."

मी पाट्या मोजत थांबते.