वाटेतली बाभूळ आणि पेट्रोलची करवत

१९ नोव्हेंबर १९९६. काम एकच होतं: पेट्रोलवर चालणारी करवत दिवस मावळायच्या आत सुरू करायची.

दुपारची जेवणं उरकली आणि पाटाच्या कडेची जुनी बाभूळ आमच्या गाडीवाटेवर आडवी झाली. वारा नाही, पाऊस नाही. पाटाचं पाणी झिरपून मुळं कधीची सैल झाली असणार. कुणाला लागलं नाही, एवढं बरं झालं. पण वाटेच्या एका अंगाला पाट आणि दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याचा नुकताच भिजवलेला गहू. बाभूळ हटल्याशिवाय कारखान्याचा ट्रक आमच्या उसापर्यंत येऊ शकत नव्हता, आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता. टोळीनं तोडलेला ऊस मोळ्या बांधून फडात पडलेला. तोडलेला ऊस उन्हात राहिला की वाळतो, वजन उतरतं, आणि वर्षभर दिलेलं पाणी वाऱ्यावर जातं.

ऊसतोड टोळीचा मुकादम बीडकडचा. बाभळीच्या दोन्ही अंगांनी फिरून, बुंध्यावर एक लाथ मारून तो माझ्याकडे आला.

"वैनी, ह्ये कुऱ्हाडीचं काम न्हाई. बाभळ हाय ती, लोखंड बरं. उद्या दुपारपत्तुर बी हलायची न्हाई. आन् ट्रक एकडाव माघारी गेला की पुन्हा कवा यील, सांगता येत न्हाई. आमाला बी फुडच्या फडावर जायाचंय."

"कुऱ्हाड कोण म्हणतंय? माझ्याकडे मशीन आहे."

"हाय व्हय? मग काढा की भायेर. आमी बसतो बघत."

आणि तो खरंच बिडी पेटवून पाटाच्या भरावावर बसला.

मशीन होतं ते असं. आमचे हे भिंगारला लष्कराच्या एका कचेरीत कारकून होते, शनिवारी सोनईला घरी यायचे. तिथले एक साहेब निवृत्त होऊन आपल्या गावी निघाले, तेव्हा त्यांनी बंगल्यातलं अर्धं सामान वाटून टाकलं. त्यात ही हातात मावेल एवढी परदेशी करवत यांच्या वाट्याला आली. पुढे लांबट पाते, पात्याभोवती दातेरी साखळी, मागे इंजीन. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी तिचं नाव भुंगा ठेवलं. नगरच्या एका गॅरेजवाल्यानं ती उलटीसुलटी करून बघितली आणि याचं सामान इकडे मिळत नाही म्हणून परत दिली. त्यामुळे तिचं जे काही दुखेल खुपेल ते मीच बघायचं, हे ठरूनच गेलं होतं. मला ते अवघड वाटत नव्हतं. माझी मोपेड मी स्वतः उघडायचे. करवत म्हणजे चाकं काढलेली मोपेडच. दोघींना तेल मिसळलेलं पेट्रोल लागतं, दोघींना एकच प्लग, आणि दोघी ऐन घाईच्या वेळी रुसतात.

करवत ओट्यावर ठेवली आणि दोरी ओढली. फुर्र झालं आणि थांबलं. पुन्हा ओढली. खांदा दुखेपर्यंत ओढली.

सासूबाई शेजारीच लसूण सोलत बसल्या होत्या. "देवाचं नाव घे आन् मग वढ," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, देवाला यातलं काय कळतंय?"

"तुला तरी काय कळतंय? मघापास्नं वढतीच की."

हे बरोबर होतं. नुसतं ओढून काही होणार नव्हतं. इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: पेट्रोल, ठिणगी आणि हवा. एकेक बघत जायचं. टाकीतलं पेट्रोल दसऱ्याच्या आधीपासूनचं होतं. ते ओतून टाकलं आणि मोपेडमधलं ताजं काढून भरलं. तरी नाही. प्लग काढला, तर काळा आणि ओला. फडक्यानं पुसला, पॉलिश पेपरनं घासला, टोपीत घालून इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि दोरी ओढली. निळी ठिणगी चटकन उडाली. म्हणजे ठिणगी आहे, आणि प्लग ओला होता त्याअर्थी पेट्रोलही पोचतंय. राहिली हवा.

हवेच्या जाळीवरचं झाकण उघडलं आणि बघतच राहिले. जाळी दिसतच नव्हती. सगळीकडे हळदीचा जाड लेप, मधोमध कुंकवाचं ठळक बोट, आणि कोपऱ्यात झेंडूची एक वाळकी पाकळी.

"आत्याबाई, इथं हळद कुणी लावली?"

"मीच. खंडेनवमीला."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडतात आणि पूजा करतात. कोयता, कुऱ्हाड, विळे, फाळ, पाना, सगळं. त्या दिवशी मी शेवगावला भावाकडे गेले होते. पूजा मायलेकांनी केली होती.

"अहो, पण झाकण उघडून आत कशाला?"

"वरनं लावली तर पुसून जाती. कोयत्याला धारेवर लावतो न्हवं? ह्याचं तोंड आत हाय, म्हनून आत लावली."

"हे तोंड नाही. नाक आहे. इथून ते श्वास घेतं."

"मग नाकाला लावली," सासूबाई लसणाची पाकळी परातीत टाकत म्हणाल्या. "त्यात काय झालं? शिंकत असंल, म्हनून चालंना."

मला हसू आवरेना, पण हसण्यात घालवायला वेळ नव्हता. जाळी साबणाच्या पाण्यात धुतली, पाणी पिवळं धमक झालं. चांगली झटकून पंख्याखाली वाळवली. प्लग पुन्हा पुसला, सगळं बसवलं, दोरी ओढली. करवत अशी गरजली की ओट्याखालच्या कोंबड्या गोठ्यापर्यंत पळाल्या. सासूबाईंनी परात उचलून छातीशी धरली.

मी तशीच बाभळीकडे गेले. सासूबाई मागोमाग. मुकादम होताच, शिवाय टोळीतल्या बायाही मोळ्या सोडून येऊन उभ्या राहिल्या होत्या. मनगटाएवढी एक फांदी बघून पाते टेकवलं. आवाज जोरात, धूर त्याहून जोरात. जळक्या लाकडाचा वास आला. पाते उचलून बघितलं, तर फांदीवर एक काळी चकचकीत रेघ. कापलं काहीच नव्हतं.

मुकादम जवळ येऊन वाकला. "वैनी, ह्ये कापतंय का इस्त्री करतंय?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी इंजीन बंद केलं. सूर्य शेजाऱ्याच्या आंब्याच्या शेंड्याला आला होता. धार गेली असेल तर प्रत्येक दात्याला कानस मारायला हवी, आणि दाते पुष्कळ.

"बोथट झालीय," मी म्हणाले.

हे सासूबाईंना लागलं. "बोथट कशी व्हईल? म्या साखळी काढून घेऊन चिंच आन् राख लावून देवाच्या भांड्यावानी घासली ती. लख्ख केली. आन् पोराकडनं बसवून बी नीट घेतली. त्यो कशीबी बसवत हुता. म्या म्हनलं, विळ्यावानी बसव, दाते आपल्याकडं."

मी साखळीकडे बघितलं. बोट अलगद फिरवलं. दात्यांना धार होती, चांगली होती. आणि पात्याच्या वरच्या अंगाला एकूण एक दाता माझ्याकडे, इंजिनाकडे तोंड करून बसला होता.

विळ्याचे दाते मुठीकडेच असतात, कारण विळा आपण आपल्याकडे ओढतो. जिनं सगळं आयुष्य ज्वारी आणि घास कापला, तिला दाते पुढे तोंड करून बसवणं चूकच वाटणार. पण ही साखळी वरून पुढे पळते आणि खालून मागे येते. वरचे दाते पुढे बघत असले तरच ती लाकूड खाते. नाहीतर दात्यांची पाठच लाकडावर घासत राहते.

"आत्याबाई, साखळी उलटी बसवलीय तुम्ही."

"मी न्हाई. तुझ्या नवऱ्यानं."

"तुमच्या सांगण्यावरून."

"मग त्यानं आईकलं कशाला? शिकल्याला हाय न्हवं?"

यावर टोळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं जोरात मान हलवली, आणि त्या मुद्द्यावर सगळ्या बायांचं एकमत झालं.

मी घरून पाना आणि तेल मागवलं, तिथंच पाटाच्या भरावावर बसून दोन नट सोडवले, बाजूचं झाकण काढलं, साखळी उतरवली. पात्यावर साखळीला तेल सोडणारं एक बारीक भोक असतं, तेही कुंकू आणि राखेनं बुजलेलं. बांगडीला अडकवलेली पिन काढून ते कोरलं. साखळी उलटून घातली, दाते पुढे. ताण बघितला: बोटानं उचलली तर थोडी उचलली जावी, पण लोंबू नये. तेलाच्या टाकीत मोटारसायकलवाल्याकडून आणून ठेवलेलं जळकं ऑइल ओतलं. एक नट घरंगळून पाटाकडे निघाला तेव्हा सासूबाईंनी तो पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरला.

दोरी ओढली. त्याच फांदीवर पाते टेकवलं, आणि पिवळट भुसा माझ्या पायांवर उडाला. फांदी खाली पडली तेव्हा मुकादमानं बिडी टाकली.

"आरं, बघत काय बसलाव? फांद्या वढा!" तो आपल्याच माणसांवर ओरडला, जणू मघापासून तेच बसले होते.

उजेड होता तोवर मी फांद्या उतरवत गेले आणि टोळी काट्यांना शिव्या देत त्या बांधाला ओढत गेली. बुंधा तेवढा राहिला. मिठीत मावणार नाही असा. काळोखात त्याला हात लावायचा नाही, एवढी अक्कल मला होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे चहा घेऊन, पदर खोचून, डोळ्यांना यांचा उन्हाचा चष्मा लावून मी बाभळीशी हजर झाले. पाते आखूड, म्हणून बुंधा दोन्हीकडून कापायचा होता. पहिल्याच कापात लाकूड बसलं आणि पाते चिमटलं. इंजीन बंद केलं. मुकादमानं न सांगता बाभळीचीच एक पाचर तासली आणि घणानं कापात ठोकली. पाते सुटलं. मग मी कापत गेले आणि तो पाचर ठोकत गेला. तुकडे सुटे झाले तसे सहा जणांनी पहारी लावून ते कडेला लोटले. लांबून ट्रकचा हॉर्न ऐकू आला तेव्हा शेवटचा तुकडा अजून वाटेत होता. ड्रायव्हरनं येऊन खिडकीतून डोकं बाहेर काढलं, माझ्याकडे आणि चष्म्याकडे बघितलं आणि इंजीन बंद करून वाट पाहिली. तुकडा सरकला आणि ट्रक फडात गेला.

मोळ्या भरायला लागल्या, तशी मी फांद्यांचं जळण टोळीच्या कोप्यांपुढे, त्या पाचटाच्या झोपड्यांपुढे, टाकायला सांगितलं, करवत पुसून घरात ठेवली आणि पाटाला पाणी होतं तोवर ज्वारीला पाणी द्यायला, दारं धरायला गेले.